रुमालावर ठेवलेला कॅट

मामा,

तुझ्या फोटोसमोर बसून लिहिते आहे. घरातल्या फोटोसमोर नाही. लातूर–नांदेड रस्त्यावरच्या एका चहाच्या हॉटेलात बसले आहे, आणि रस्त्यापलीकडं करमणूक केंद्राच्या लोखंडी गेटवर तू आहेस. फ्लेक्सवर, माणसाच्या दुप्पट उंचीचा. तारेनं बांधलेला. वर लिहिलंय, ‘विश्वासाचा हात हरपला’, आणि खाली बालाजीशेठचं नाव तुझ्या नावापेक्षा मोठं. फोटो विहाराच्या उद्घाटनाच्या दिवशीचा आहे, मी ओळखला. त्यात तुझ्या शेजारी मामी उभी होती. तिला कापून टाकलंय, पण कापणाऱ्याचा हात चुकला. तिचं कोपर तेवढं तुझ्या बाजूला राहिलंय, हिरव्या बांगड्यांच्या वरचं.

गेटच्या आत, लिंबाखाली सुमेधची गाडी लावलेली आहे. तुझा पोरगा आत आहे. तुझ्या खुर्चीवर. मी त्याला बाहेर काढायला आले आणि अर्ध्या रस्त्यात माझे पाय थांबले, म्हणून चहा सांगितला आणि वही काढली. तुला माहीत आहे, मला भीती वाटली की मी लिहायला बसते.

माझ्या या सवयीला तू हसायचास. “तुज्या बापानं तुला बाराखडीच्या आदी ‘जाहीर निषेध’ शिकवला,” म्हणायचास. खरंच होतं ते. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा छापून आणायचे, आई घड्या घालायची, आणि मी त्या ढिगावर बसून ‘बंधू-भगिनींनो’ वाचायला शिकले. तू जळकोटहून आलास की मला ‘पत्रकबाई’ म्हणून हाक मारायचास आणि खिशातून पत्त्यांचा कॅट काढायचास. बाबांच्या कपाळावर आठी पडायची. तू म्हणायचास, “दाजी, पंचशीलात पत्ते न्हाईत. बगा वाचून.” बाबा म्हणायचे, “मोह नाही का त्यात?” तू म्हणायचास, “मी कुटं खेळतो? मी निस्ता पिसतो.”

निस्ता पिसतो. आपलं सगळं भांडण, मामा, या दोन शब्दांवर झालं. ते संपलं नाही आणि तू उठून गेलास.

तुझ्या गावातली रीत मी शहरातल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्यांना नवल वाटतं. पारावर डाव बसला की खेळणाऱ्यानं पत्ते पिसायचे नाहीत. जो खेळत नाही, ज्याचा जिंकण्या-हरण्याशी संबंध नाही, त्यानंच पिसायचे. तो पिसतो, समोर पसरलेल्या रुमालावर कॅट ठेवतो, हात मागं घेतो. आणि एकदा कॅट रुमालावर ठेवला की तो डाव मोडायचा नाही. पाऊस येवो, वीज जावो, कुणाची म्हैस सुटो. लग्नात जानवशावर डाव बसलेला असताना नवऱ्याच्या चुलत्याला अक्षतांना बोलवायला तीन माणसं आली होती आणि तू त्यांना हात दाखवून थांबवलंस, तो किस्सा तू किती रंगवून सांगायचास! “नवरी थांबंल, रुमाल थांबत न्हाई.” हा नियम तूच घातला होतास. त्याआधी एकदा हरणाऱ्यानं पत्ते उधळले होते आणि काठ्या निघाल्या होत्या. त्यानंतर कधी निघाल्या नाहीत. तुझ्या नियमानं गाव शांत ठेवलं, हे मी मान्य करते. तेव्हाही केलं होतं.

पण तू मला पुढची गोष्ट सांगायचास तेव्हा मला रडू आणि राग एकदम यायचा. ज्या पारावरून तुझ्या बापाला चप्पल हातात घेऊन जावं लागायचं, त्या पारावर तुला हात धरून बसवलं. “उत्तम, तूच पिस. तू आमच्यातला कुनाचाच न्हाईस.” तुला तो मान वाटला. मी विचारलं होतं, “मामा, आमच्यातला नाहीस म्हणून बसवलं, हा मान कसा?” तू कॅट दोन हातांत उघडलास, फर्रर्र करून मिटवलास आणि म्हणालास, “पोरी, तू पार बघितलास. मी पाराखालून पार बघितलाय.”

ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं. आजही आहे.

मग मोबाइल आला आणि पारावरची माणसं मोबाइलमध्ये रमी खेळायला लागली. दिगंबर तात्या, तुझा जिवाचा दोस्त, भाजीचा टेम्पो चालवणारा, तो तर आडत बाजारात टेम्पो लावून स्टिअरिंगवरच खेळायचा. सगळे हरले. सगळ्यांनी एकच तक्रार केली: “ह्याच्यात पिसतंय कोन, ते दिसत न्हाई.” मामा, ही आपल्या लोकांची तक्रार होती! खेळू नये असं कुणाच्या मनात आलं नाही. पिसणारा दिसत नाही, एवढंच खटकलं.

आणि ते बालाजीशेठनं बरोबर ऐकलं. तो गोव्याला जाऊन तिथले कॅसिनो बघून आलेला. रस्त्याकडेच्या शेतात हॉल बांधला, गोल टेबलांवर हिरवं कापड, छतात रंगीत दिवे, बोर्डावर ‘करमणूक केंद्र’. पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग तो पांढरी गाडी घेऊन तुझ्या दारात आला. “उत्तमराव, आपल्या लोकांना मशीन नको हाय. मानूस पायजे. इमानदार.” उत्तमराव! तू त्या दिवशी मला फोन करून सांगितलंस. पगाराचं नंतर सांगितलंस, आधी ‘उत्तमराव’ सांगितलंस.

तू खुर्चीवर बसलास आणि गाड्या यायला लागल्या. मुरुडहून, उदगीरहून, पार हिमायतनगरहून. तिर्रट, तीन पानांचा खेळ. प्रत्येक डावातून शेठ नाल काढायचा, म्हणजे जागेच्या मालकाची वाटणी. कुणीही जिंको, नाल निघायचीच. मी तुला अंगणात बसवून सांगितलं होतं, विहिरीतून रोज एक बादली काढली आणि वरून पाणी आलंच नाही, तर प्रामाणिक माणसानं बादली ओढली काय आणि लबाडानं ओढली काय, विहीर कोरडी पडणारच.

तू म्हणालास, “माज्या हातानं एक पान इकडचं तिकडं झालं न्हाई.”

मी म्हणाले, “तेच तर. तुझा हात खरा आहे म्हणून त्यांचं खोटं पचतं. गळाला लावलेलं गांडूळ खरंच असतं, मामा. खोट्या गांडुळाला मासे येत नाहीत.”

मामी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मग म्हणालास, “गांडूळ म्हनलीस मला.” आणि हसलास. तुझ्या हसण्याचा मला कधी धाक वाटला नव्हता, त्या दिवशी वाटला. कारण तुला पटलं होतं, आणि पटूनही तू दुसऱ्या दिवशी जाणार होतास, हे मला दिसलं.

मी पत्रक काढलं. ‘करमणुकीच्या नावाखाली लूट थांबवा.’ बाबांची भाषा, माझा राग. एसटी स्टँडवर वाटलं, आठवडी बाजारात वाटलं. तू एक घेऊन घरी आलास, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलंस.

“सगळं बराबर हाय. माजं नाव कुटं हाय?”

“तुझं नाव कशाला?”

“का? खुर्चीवर मी बसतो. शेठ बसत न्हाई. लोक माजं तोंड बगून येऊन राहिले. मंग नाव कुनाचं पायजे?”

“तू माझा मामा आहेस.”

“म्हंजे पत्रकात बी नातं चालतं का, पत्रकबाई?” असं म्हणून तू कागदाची घडी घातलीस, आईसारखीच, आणि छातीच्या खिशात ठेवलीस. तुझा आवाज चिडवण्याचा होता. पण मला आता वाटतं, तू माझ्याकडं काहीतरी मागत होतास. खुर्चीवरून स्वतः उठणं तुला जमत नव्हतं, कुणीतरी उठवावं असं वाटत होतं. हे वाटणं बरोबर आहे का, ते विचारायला तू नाहीस. तुला राग येईल तर येऊ दे. जिवंत असतास तर भांडलो असतो.

एवढं मात्र मला माहीत आहे की तू तात्याला अडवायला गेला होतास. तोच सांगतो. त्याचा टेम्पो गेला होता, बायको माहेरी गेली होती, आणि तू त्याच्या ओट्यावर जाऊन म्हणालास, “दिग्या, उद्यापासून येऊ नको.” तो हसला. “असं कसं? तू पिसतो म्हून तर येतो. तुज्यावर इस्वास न्हाई ठिवावा तर कुनावर ठिवावा?” तू तसाच परत आलास. मामी म्हणते, त्या दिवशी जेवताना तू घास हातात घेऊन स्वतःच्या बोटांकडं बघत बसला होतास.

आता तुला ते सांगते, जे तुला माहीत नाही. त्या वेळी तू तिथं होतास आणि नव्हतास.

तात्यानं ते आपल्या घरी, सगळ्यांसमोर सांगितलं, तुझ्या जलदान विधीच्या दिवशी. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर बसली होती, वंदना झाली होती. तात्या म्हणाला, दुपारचं जेवण उरकून सगळे बसले होते. उत्तमनं कॅट पिसला, रुमालावर ठेवला, हात मागं घेतला आणि म्हणाला, “जरा पानी द्या.” पाणी येईपर्यंत मान पडली होती. चौघांनी उचलून सोफ्यावर निजवलं. श्वास होता. शेठनं दवाखान्याच्या गाडीला फोन केला, गाडी गावातून यायची होती.

“मंग?” मामीनं विचारलं. ती उंबऱ्यात बसली होती.

“मंग... गाडी येस्तोवर काय करावं, वैनी? रुमालावर कॅट ठिवलेला व्हता. कुनीतरी म्हनलं, उत्तमचाच नियम हाय, ठिवलेला डाव मोडायचा न्हाई. त्याला वाईट वाटंल.”

तात्यानं सतरंजीची दशी बोटाला गुंडाळली.

“वाटला आमी डाव. म्होरं सोफा दिसत व्हता. गाडीचा हारन वाजला तवा शेवटची पानं उगडायची व्हती. दुसऱ्यांदा वाजला, तवा उठलो.”

मामा, हॉर्न दुसऱ्यांदा वाजवावा लागला.

मी उठून उभी राहिले होते. मला वाटलं मी ओरडेन, पण माझ्या आधी मामी बोलली. अगदी साधं, बाजारात भाव विचारावा तसं.

“मंग तो डाव कोन जिकलं?”

तात्यानं मान खाली घातली. आणि वर केली तेव्हा मामा, त्याचा चेहरा उजळलेला होता. मी ते कधी विसरणार नाही. “मीच जिकलो, वैनी. तीन गुलाम आले. कंदी न्हाई ते आले. जाता जाता माजा हात भरून गेला उत्तम. त्याचा आशीर्वादच हाय. आता माजे दिवस फिरले बगा.”

मामी उंबऱ्यावरून उठली. मग म्हणाली, “मला कुनी फोन केला न्हाई तवा. इचारलं असतं तर मी मोडला असता डाव.” आणि आत गेली.

तेवढ्यात बालाजीशेठ पुढं सरकला. त्यानं सोबत पितळी ताट आणलं होतं. ताटात तुझा रुमाल, रुमालात तो कॅट. “त्या डावानंतर ह्याला कुनी हात लावला न्हाई,” तो म्हणाला आणि ताट तुझ्या फोटोसमोर ठेवलं, जिथं मेणबत्ती होती तिथंच. मग सुमेधकडं वळला. “सुमेध, एकदा पिस. बापाच्या नावानं.”

मी म्हणाले, “सुमेध, हात लावू नको.”

शेठ माझ्याकडं बघून हसला. “ताई, पत्रकाचा दिवस न्हाई आजचा. बापाच्या वस्तूला लेकानं हात लावावा, एवढंच.”

सुमेधनं लावला. तुला माहीत आहे का, तू त्याला कधी शिकवलं नव्हतंस? तो लहानपणापासून बघत आला असणार. पानं त्याच्या हातात उघडली आणि मिटली, फर्रर्र, अगदी तोच आवाज, आणि आतल्या खोलीतून मामीनं विचारलं, “आले का?”

सगळे दाराकडं बघायला लागले, मामा. मीसुद्धा.

सुमेधनं कॅट रुमालावर ठेवला. सवयीनं ठेवला, हातात असलेली वस्तू माणूस कुठंतरी ठेवतोच. शेठनं रुमालाची चारी टोकं अलगद उचलून गाठ मारली. “आता हा डाव मोडता येत न्हाई,” तो म्हणाला. “हितं दुखाचं घर हाय, हितं खेळायला नको. तिकडं या. तुमी आल्याबिगर सोडायचा न्हाई, सुमेधराव.”

सतरंजीवरच्या माणसांनी माना हलवल्या. तात्यानं सगळ्यात आधी.

त्यानंतर मी सुमेधशी भांडले. माझ्याकडं असलेले सगळे शब्द वापरले, बाबांचेही वापरले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, एमआयडीसीत मला गेटवर नंबरानं हाक मारायचे. काम सुटलं तेव्हाही नंबरच वाचला. त्या मानसानं मला सुमेधराव म्हनलं.” तुझंच वाक्य होतं ते. पाराखालून पार बघितलेला माणूस पुन्हा जन्माला आला होता. मी एवढंच म्हणाले, “तुझ्या बापालाही असंच म्हणाले होते.” तो म्हणाला, “हाव. आन् बापाला शेवटपर्यंत म्हनले.”

आज सकाळी तो न सांगता निघाला. मामीनं मला फक्त एवढं सांगितलं, “त्यानं बापाचा शर्ट घातला.”

म्हणून मी इथं आहे. पिशवीत नवं पत्रक आहे. एका दमात लिहिलं, आणि पहिल्या ओळीत तुझं नाव आहे: ‘माझे मामा उत्तम, ज्यांच्या खऱ्या हातावर विश्वास ठेवून तुम्ही या गेटातून आत जाता...’ तू मागितलं होतंस ते दिलं. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “आपल्याच माणसाचं नाव?” मी म्हणाले, त्यांनी ते गेटवर लावलंय, मग मी कागदावर का लावू नये? तुझ्या नावावर त्यांचा एकट्याचा हक्क राहू देणार नाही. तू मला पारावरच्या गोष्टी सांगितल्यास, पानं ओळखायला शिकवलंस, आणि वरचढ माणसाशीही डोळ्याला डोळा देऊन कसं बोलायचं ते तू शिकवलंस, बाबांनी नव्हे. ते सगळं माझं आहे. ते मी या लोखंडाच्या जाळीला बांधून ठेवणार नाही.

आत्ता गेटवरचा वॉचमन चहाला येऊन बसला. मला ओळखत नाही. हॉटेलवालीला सांगतोय, “उत्तमरावचं पोरगं आलंय. काय पिसतंय! डिट्टो बाप.”

“सुरू झाला का डाव?” मीच विचारलं.

“न्हाई अजून. आत्ताच ठिवलाय कॅट रुमालावर.” त्यानं बशीत चहा ओतला. “आता कुनाला उठता येत न्हाई.”

मामा, तुझा प्रत्येक नियम या लोकांनी पाळला. तुला गाडीत घालायला उशीर झाला तरी पाळला. तो नियम तू काठ्या थांबवायला केला होतास, माणूस मरत असताना बसून राहायला नाही. पण नियमाला ते कुठं कळतं? नियम ज्याच्या हातात जातो त्याचा होतो.

मी वही मिटणारच होते. जळकोटची एसटी थांबली आणि मामी उतरली. एकटी. पांढऱ्या लुगड्यात, पायात तुझ्या चपला, तिच्या सापडल्या नसतील घाईत. तिनं मला बघितलं नाही. फ्लेक्सवरच्या, तिला वाचता न येणाऱ्या अक्षरांकडंही तिनं बघितलं नाही. ती दोन्ही बाजूंच्या ट्रकना हात दाखवत रस्ता ओलांडते आहे, जानवशावर तू त्या माणसांना दाखवला होतास तसाच.

वॉचमननं बशी टाकली आणि गेट ओढायला पळाला. गेट हललं तसा फ्लेक्सही हलला, तुझ्या चेहऱ्याला मधोमध घडी पडली. मामी पोचली. तिनं हात ठेवलाय, गेटवर, बरोबर तिथं जिथं तिचं कापलेलं कोपर राहिलंय.

मी उठले. पिशवी घेतली.

मामा, सरक जरा. तिला आत जायचंय.